टोरीच्या तेलातली काडतुसं

अवं दुर्गाची माय, परवा तुझी तेरवी झाली. लोकं जेवून गेले, भांडी घासून झाली, मंडपवाला आपले बांबू घेऊन गेला. काल दुर्गाही नागपूरच्या गाडीत बसली. "बाबूजी, माह्यासंगं चला," म्हणे. मी नाही म्हटलं. जावयाच्या घरी मी खुर्चीवर बसून काय करू?

आज सकाळी चहा मांडला तं सवयीनं दोन कप पाणी टाकलं. एक कप पेलो. दुसरा भांड्यातच थंडा झाला, त्याच्यावर साय धरली. फेकावा का पेवावा हेच पाहत बसलो. तेवढ्यात वरून बिरसीच्या विमानतळावरचं ते शिकाऊ विमान गेलं, गोल मारून परत आलं, परत गेलं. तू कपाळावर हात धरून पाहे अन् म्हणे, "याले उतराची जागा काऊन दिसत नाही, वं बाई?" रोज तेच म्हणे. मले राग येत होता तेच तेच ऐकून. आज कोणी म्हटलं नाही.

तुले एक गोष्ट सांगायची राहिली. बावीस-तेवीस वर्षं राहिली. रिव्हॉल्व्हरची आहे, म्हणून तू तोंड वाकडं करशील. पण आता तुले उठून चुलीकडे जाता येत नाही. ऐकावं लागते.

गोंदियाच्या राइस मिलमध्ये मी गनमॅन होतो, हे साऱ्या गावाले माहीत. होमगार्डमध्ये असताना चांदमारीले, म्हणजे निशाणेबाजीच्या मैदानावर, माझा नेम चांगला लागे. ते ऐकूनच सेठनं मले ठेवलं अन् लायसन काढून दिलं. मी कमरेले पट्टा बांधून पहिल्या दिवशी घरी आलो तं तू दारातच उभी. "हे घरात नाही आणायचं." मी म्हटलं, "मग मी बी बाहेरच झोपतो." तू म्हणाली, "झोपा." अन् खरंच दार लावून घेतलं. अर्ध्या घंट्यानं उघडलं, तेही भाजी करपली म्हणून शिव्या देत.

तुले ते कधी आवडलं नाही. निवडणूक लागली की तुझा चेहरा फुले. आचारसंहिता लागली म्हणजे साऱ्या लायसनवाल्याइले हत्यार ठाण्यात जमा करावं लागे. ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, कोणाले मत द्याचं याच्याशी तुले घेणं नव्हतं. फक्त पोलीस पाटलाले विचारे, "काहो भाऊजी, पुढची कधी आहे?" तेवढे दिवस तू मले बाजारात संगं नेत होती. म्हणे, "आता तुमी माणसासारखे चालून राहिले. नाहीतं कमरेले बाळंतपण लागल्यावानी चालता." मले चिडायला होये. पण सांगतो, मलेही हलकं वाटे. तेव्हा कबूल नाही केलं.

एक दिवस मी तुले समजवाले बसलो होतो, आठवते का? तू ओसरीत सुपात लाखोरी पाखडून राहिली होती. मी त्याच सुपात तीन काडतुसं ठेवली. एक बावीसचं, चांदमारीच्या मास्तरनं दिलेलं. एक माझं बत्तीसचं, रिव्हॉल्व्हरचं. अन् एक सेठच्या पिस्तुलाचं, तेही बत्तीसचंच. तू म्हणाली, "दाळीत कायले टाकता?" मी म्हटलं, "पाय तं खरं."

बावीसचं तू चिमटीत धरलं. "याचं टोक तं लाखोरीच्या दाण्याएवढं आहे." मी सांगतलं, हे मैदानाचं. याचा आवाज कमी, झटका नाही, हात हालत नाही. दिवसभर मारा, कान बसत नाही. डोळ्याले अन् बोटाले सवय लागाची असेल तं यासारखं काही नाही. पण कमरेले हे नाही चालत. यातली बारूद पेटवणारा मसाला बुडाच्या काठात असते, कुठं कुठं लागतच नाही अन् काडतूस फुसकं निघते. मैदानावरचा कागद दुसऱ्या गोळीची वाट पाहत उभा राहते, माणूस उभा राहत नाही.

मग माझं. शिशाची बोथट गोळी, बुडाले मधोमध टोपी, त्या टोपीवर पिन बसली की उडते. हाताले झटका देते. मैदानावर वीस मारले की मनगट बोले. सेठचं त्याहून आखूड, वरून तांब्याचा पत्रा. मी म्हटलं, "दोन्ही बत्तीसचे, पण याचं त्याच्यात घालाचं नाही."

तू म्हणाली, "एका घरातल्या जावांसारखे."

हसलो मी तेव्हा. मग म्हटलं, रोज कमरेले ठेवाले माझंच बरं. सेठच्या पिस्तुलात काडतुसं जास्त मावते, चपटं आहे, सदऱ्याखाली दिसत नाही. पण त्यात एक फुसकं निघालं की दोन्ही हातानं खटका ओढून ते बाहेर काढावं लागते. तेवढ्यात समोरचा पोचला अंगावर. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. फुसकं निघालं? परत चाप दाबा. पुढचं काडतूस आपोआप समोर येते.

तू सूप हालवणं थांबवलं. "अन् पहिलंच लागलं तं? ते परत घेता येते का?"

मी म्हटलं, बायकाइले हे समजत नाही. अन् काडतुसं उचलून उठलो. 

मास्तर एक गोष्ट नेहमी सांगे. कमरेचे काडतुसं म्हातारे होऊ द्याचे नाही. पाऊस, घाम, चामड्याचा पट्टा, यानं पितळ हिरवं पडते. दरसाल पावसाळा सरला की कमरेवरचे सहा मैदानात उडवाचे अन् नवे भराचे. मी हो हो म्हणे अन् करत नव्हतो. नवे काडतुसं मिळवाले त्रास, उडवलेल्याची रिकामी पितळं परत दाखवा, दुकानदाराच्या मागं फिरा. नवे मी पेटीत जपून ठेवले अन् मैदानावर मास्तरचं बावीसचं फुकट मारलं. दोन पावसाळे तेच सहा कमरेले. ही माझी चूक. तुले कधी सांगतली नाही, साऱ्या भांडणात तुझ्याच चुकीचं नाव घेतलं.

तू ते हिरवं पडलेलं पितळ पाह्यलं अन् भेली. तू चिचगडच्या जंगलाकडची. तुझ्या माहेरी विळे, कुऱ्हाडी, फासे, सारं लोखंड पावसाळ्यात मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल लावून ठेवत. त्या तेलानं गंज धरत नाही, हे तुले आईनं शिकवलेलं. मी आंघोळीले गेलो की दर सोमवारी तू पट्ट्यातून सहा काडतुसं काढे, वाटीत कोमट तेल करून त्यात बुडवे, पुसे, परत ओळीनं भरून ठेवे. रिव्हॉल्व्हर पाहणंही नको असलेली तू. त्याची काडतुसं पाठ झाली होती तुले. मी आपला खुश, पट्टा चमकून राहिला म्हणून. विचारलंही नाही कोणं पुसला; हे सारं मागून समजलं.

आता ती गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती, नवा धान आला होता, मिल दिवसरात चालू. त्याच हप्त्यात बाजूच्या गावात एका मिलवर माणसं शिरून मुनीमजीले मारून गेले होते. सेठ घाबरलेला. मले म्हणे, "कोई भी दौड़ के आया तो पहले रोकना, बाद में पूछना." मी पट्ट्यातले सहा रिव्हॉल्व्हरमध्ये भरून ऑफिसच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलो. दुपार उतरली होती. कोंडा इतका उडून राहिला होता की सूर्य तांबड्या थाळीसारखा दिसे. मिलचा आवाज तुले माहीत आहे, बाजूच्या माणसाचं ऐकू येत नाही.

त्या कोंड्यातून एक माणूस धावत निघाला. तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला. हातात लोखंडी टोक. सरळ माझ्याकडे. मी ओरडलो, "थांब!" तो थांबला नाही. परत ओरडलो. दहा पावलं राहिली असतील. मी रिव्हॉल्व्हर काढला, त्याच्या छातीवर रोखला अन् चाप दाबला.

दाबला, दुर्गाची माय. लोकाइले मी सांगत आलो की मी कधी कोणावर चालवली नाही. चालवली. फक्त "टक्" झालं. काडतूस फुसकं निघालं.

अन् मास्तरची शिकवण बोटात होती. फुसकं निघालं तं परत दाबा. बोट परत वळून राहिलं होतं. तेवढ्यात त्यानं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला. झनकलाल. आपला झनकलाल, हमाल, जो मले मामा म्हणे अन् तुझ्या हातचं लोणचं मागून नेत होता. हातात परखी होती, पोत्यात खुपसून तांदूळ पाहाची ती टोकदार नळी. तशीच हातात घेऊन धावला होता.

"मामा! भैयालालचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला! गाडी काढा, गाडी!"

त्यानं माझ्या हाताकडे पाह्यलंही नाही. माझ्या अंगावरूनच आत गेला. मिलच्या आवाजात "टक्" कोणालेच ऐकू गेलं नाही. मी रिव्हॉल्व्हर पट्ट्यात टाकला अन् सेठची जीप काढाले धावलो. भैयालाल मिलमधलाच, त्याचे दोन बोटं गेले. त्या दिवशी घरी आलो, जेवलो नाही. तू विचारलं. मी म्हटलं, भैयालालचा हात. खोटं नव्हतं तेही.

रविवारी चांदमारीवर गेलो. ते टोपीवर खड्डा पडलेलं एक काढून ठेवलं होतं, बाकी पाच भरले. दाबले. तीन फुसके, दोन उडाले. कोणते दोन, कोणत्या नंबरचे, हे मले आठवत नाही. त्या दिवशी दुसऱ्यांदा दाबला असता तं कोणतं समोर आलं असतं, याचा हिशेब मी आजवर लावून राहिलो. लागत नाही.

मास्तरनं एक फुसकं नाकाले लावलं. "अबे, याले तेल कोणं पाजलं? टोपीत तेल शिरलं. मोहाचा वास येऊन राहिला."

मी तसाच घरी आलो. तू मिरच्या निवडून राहिली होती. मी काय काय बोललो, ते तुले माहीत आहे. मलेही पाठ आहे. "घरात बसून मारणार होती मले. जंगलातली ती जंगलातलीच राहिली. हात लावू नको माझ्या वस्तूले." शेजारची बाई कवाडातून पाहून राहिली होती, तरी बोललो.

तू एवढंच म्हणाली, "गंज चढून राहिला होता. तुमी घरी यावे म्हणून लावत होती."

मग उठली. ती वाटी तू राखेनं तीनदा घासली. पुन्हा पट्ट्याले हात लावला नाही. अन् थंडीत माझ्या फुटलेल्या टाचांले तेल लावत होती, तेही बंद केलं. मी मागितलं नाही, तू लावलं नाही. पुढं कधी मी चिडलो की तू म्हणे, "नाही बाप्पा, मी काही लावत नाही, काही पुसत नाही, जंगलातली आहे ना मी." लोकं हसत. मी पण हसल्यासारखं करे.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. त्याच घडीले, मिरच्यांच्या टोपल्यापाशी. की तुझ्या तेलानं झनकलाल वाचला. मी फासावर गेलो नाही. दुर्गा खुन्याची पोरगी झाली नाही. पण ते सांगतो म्हटलं तं पहिले हे सांगावं लागे की मी दाबला. अन् तू तो सुपावरचा सवाल परत विचारला असता. तुझ्या त्या डोळ्यांचं भेव वाटलं. म्हणून उलटी तुलेच शिवी देली. आवाज मोठा केला की माणसाले आतलं ऐकू येत नाही, मिलमध्ये शिकलो मी ते.

दवाखान्यात शेवटच्या हप्त्यात एक दुपार आपण दोघंच होतो. दुर्गा खाली औषध आणाले गेली होती. मी म्हटलं, "अवं, ऐक." तू डोळे उघडले. "काय?" मी म्हटलं, "संत्रा सोलू का?" तू म्हणाली, "सोला." अन् दोन फोडी खाल्ल्या. संत्रा आंबट होता. बस.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी रिव्हॉल्व्हर ठाण्यात नेऊन देला, लायसनसकट, कायमचा. ठाण्यातला जमादार म्हणे, "बाबा, अभी तो कोई इलेक्शन नहीं है." मी म्हटलं, "मालूम है." दोन माणसाच्या घरात ते होतं तं होतं. एकट्या माणसाच्या घरात ते नसलेलं बरं. ठाण्यातूनच घरी दुर्गाले फोन केला तं ती रडली, मग म्हणे, "आईनं असतं तं पेढे वाटले असते." वाटले असते. मी पावती खिशात घालून पायी पायी घरी आलो. 

तेरवीले झनकलाल आला होता. दात गेले, कमरेतून वाकला, काठी धरते. तुझ्या फोटोपुढं बसला अन् म्हणे, "मामीच्या हातच्या लोणच्याची चव गेली गावातून." पंगतीत मीच त्याले वाढलं. भात वाढताना अर्धा पत्रावळीबाहेर सांडला माझ्या हातून. त्याले वाटलं म्हातारपण. "बसा मामा, मी घेतो," म्हणे. जेवला पोटभर. नातीसाठी दोन लाडू कागदात बांधून मागितले. मी चार बांधले. माणूस आपल्या पुढ्यात बसून जेवतो अन् त्याले माहीत नाही की आपण त्याले एकदा मारून चुकलो. 

म्हणून आज दुपारी सायकल काढली अन् त्याच्या गावी गेलो. वाटेत दोनदा उतरलो, दम लागला. झनकलाल आंगणात खाटेवर बसून खराटा बांधून राहिला होता. त्याची बायको रामकली ओट्यावर वड्या घालत होती. मी पाणी पेलो अन् सारं सांगतलं. कोंडा, परखी, चाप, टक्. तू, तेल, मास्तर. काही लपवलं नाही. बोट परत वळून राहिलं होतं, तेही सांगतलं.

 झनकलालनं खराट्याची एक काडी मोडली, दुसरी घेतली. मग म्हणे, "मामा, मले तं भैयालालचंच ध्यान होतं. मले काही समजलं नाही, गा." अन् आपल्या छातीवर हात फिरवला, जसं काही सांडलं आहे का पाहून राहिला.

मी म्हटलं, "शिवी दे, झनक. मार काठी."

"आता काय मारू. तुमीच पडाल."

रामकली वड्या सोडून उठली. हात पदराले पुसत माझ्यापुढं आली. मले वाटलं, आता ही बोलणार, अन् बोलावंच तिनं. तिचं कुंकू होतं ते. तिनं विचारलं, "मामीले माहीत होतं का हे?"

"नाही."

"कधीच नाही सांगतलं?"

"नाही. उलट्या तिलेच शिव्या देल्या. गावापुढं."

रामकलीनं पदर कमरेले खोचला. मग म्हणे, "मंग मामा, माह्या दारात कायले सांगून राहिले? माहा नवरा तं घरी आला होता त्या दिवशी. पहिले तिले सांगाचं होतं." अन् आत जाऊन तिनं चहा ठेवला. रागानं ठेवला, पण ठेवला.

तिचं खरं आहे. म्हणून घरी आल्याबरोबर कागद घेतला. चार बुकं शिकलेल्या माणसानं लिहावं तसंच लिहिलं, हासू नको.

काडतूस तेलात बुडवाचं नाही, हे मी आजही म्हणतो. ते चुकीचंच होतं. पण त्या दिवशी मी जे बोललो ते शिव्यांसकट सारं परत घेतो. कवाडातून पाहणारी ती बाई मेली, नाहीतं तिच्यापुढं घेतलं असतं. तू मले घरी आणण्यासाठी केलं अन् तू मले घरी आणलं, तुले वाटलं होतं तसं नाही, पण आणलं.

झनकलाल जिता आहे, अवं. आज त्याच्या बायकोच्या हातचा चहा पेलो, साखर जास्त होती. हे तुले माहीत नव्हतं. आता झालं.